झाकण काढल्यावर

डिस्ट्रिब्युशन बोर्ड, म्हणजे आपली डीबी, बाहेरून पाहून तिची पारख होत नाही. बाहेरून सगळ्या सारख्याच: पांढरा पत्रा, धुरकट प्लॅस्टिकचं दार, दारामागे ओळीनं उभ्या एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारे छोटे ब्रेकर. वास्तुशांतीला आलेले पाहुणे स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या ओढून पाहतात, स्विचच्या काचेवरून बोट फिरवतात. डीबीपुढे कोणी थांबत नाही. वर्षभरात तिच्यावर कॅलेंडर लटकतं. काम कोणत्या हातचं आहे ते आतल्या झाकणाचे स्क्रू काढल्यावरच कळतं, आणि ते झाकण मालक जन्मात काढत नाही. काढतो तो पुढचा वायरमन, बहुतेक वेळा रात्री, मोबाइलच्या उजेडात, घरातले सगळे मागे उभे असताना.

त्या माणसासाठी केलेलं काम म्हणून डीबी पाहिली, तर तिच्यात वाचण्यासारखं खूप असतं.

इथे जिच्याबद्दल लिहितोय, ती पुण्यातल्या एका तीन बेडरूमच्या घरातली. थ्री फेज जोडणी, चार ओळींची फ्लेक्सी डीबी, प्रत्येक ओळीत १२ मॉड्यूलची जागा. एक मॉड्यूल १७.५ मिलिमीटरचं, म्हणजे अख्खी ओळ जेमतेम वीतभर. वरच्या ओळीत ४० अँपिअरचा फोर पोल इनकमर. खालच्या तीन ओळी तीन फेजच्या: लाल, पिवळी, निळी. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी ३० मिलिअँपिअरची एक आरसीसीबी आणि तिच्यामागे सात एमसीबी. एकूण २१ सर्किट. प्रत्येकाची फेज, न्यूट्रल आणि अर्थ धरली तर ६३ वायरी, आणि त्या सगळ्या मावायच्या कुठे, तर भिंतीत बसवलेल्या एका उथळ पेटीत.

या डीबीत दोन हात दिसतात, म्हणून ती मला जास्त आवडली. लाल ओळ मिस्त्रींनी स्वतः बांधली. पिवळी मिस्त्री आणि त्यांच्या हाताखालचा मुलगा, दोघांनी मिळून. निळी ओळ त्या मुलानं एकट्यानं बांधली. आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम करून तो नुकताच कामाला लागला आहे. झाकण काढून दोन पावलं मागं उभं राहिलं तर पहिल्या नजरेला निळी ओळच सर्वांत देखणी वाटते. तिथेच खरी मौज आहे.

आधी लाल ओळ. तिच्यात पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती वायरीची लांबी. वरच्या कंड्युटमधून वायर पेटीत उतरते, पण थेट एमसीबीकडे जात नाही. डाव्या कडेनं तळापर्यंत जाते, तिथून वळते आणि मग वर येऊन आपल्या टर्मिनलमध्ये शिरते. नवख्याला ही उधळपट्टी वाटते. तांब्याचा भाव पाहता वाटणारच. पण टोक कधी काळं पडलं, तर ते कापून नव्यानं सोलायला वायर हवी. उद्या एखादी एमसीबी दोन घरं सरकवायची झाली, तरी हवी. आणि क्लॅम्प मीटरचा जबडा एकट्या वायरीभोवती बसवायचा तर तिला एवढी मोकळीक हवीच. दोरीसारख्या ताणलेल्या वायरींमध्ये जबडा घालायला फटच मिळत नाही. मिस्त्रींचा हिशेब सोपा आहे. पेटीची उंची अधिक पेटीची रुंदी, एवढी वायर आत घ्यायची आणि मगच पक्कड लावायची. आखूड वायर ही शिकाऊ हाताची पहिली खूण. दुसरी खूण म्हणजे नको तिथे गुंडाळी करून कोंबलेली लांब वायर. लाल ओळीत दोन्ही नाहीत. प्रत्येक वायरीचा वळसा सारखा आहे, आणि वळण हातानं दिलेलं आहे, पकडीनं मोडलेलं नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. लाल ओळीतल्या तिसऱ्या एमसीबीची न्यूट्रल तिच्या न्यूट्रल लिंकच्या तिसऱ्या भोकात आहे, आणि त्याच सर्किटची अर्थ लाल ओळीच्या अर्थ बारवर तिसरी. पाचव्याची पाचवी, सातव्याची सातवी. ओळीच्या दोन्ही टोकांना जुळणारं हे यमक वीज वाहून नेण्यासाठी लागत नाही. न्यूट्रल कुठल्याही भोकात खोचली तरी दिवा लागेलच. उपयोग होतो तो सर्किट वेगळं करताना. पाचवं सर्किट तपासायचं असेल तर त्याची न्यूट्रल शोधत बसावं लागत नाही, मोजली की सापडते. प्रत्येक टोकाशी नंबराची छोटी कडी आहेच, पण कडी सरकते, पुसते, हरवते. क्रम कुठे जात नाही.

न्यूट्रलचा विषय निघाला आहे तर जरा थांबू, कारण डीबीतली अर्धी भांडणं न्यूट्रलची असतात. आरसीसीबीचं काम साधं असतं. गेलेला करंट आणि परत आलेला करंट ती सतत ताडून पाहते. फरक ३० मिलिअँपिअरच्या आसपास गेला, म्हणजे करंट कुणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत जातोय असं धरून ती पडते. आता समजा, लाल ओळीतल्या पंख्याची न्यूट्रल चुकून पिवळ्या ओळीच्या लिंकवर लागली. ७५ वॅटचा पंखा म्हणजे सुमारे ३२५ मिलिअँपिअर. तो लाल आरसीसीबीतून जातो आणि पिवळीतून परत येतो. दोघींच्या हिशेबात दसपट गफलत. पंख्याचं बटण दाबलं की खट्‌! घरमालक आरसीसीबीला शिव्या देतो, कुणी तरी अर्धवट माणूस ती काढून साधा आयसोलेटर बसवून देतो, आणि ‘प्रॉब्लेम सुटतो’. लोडशेडिंगच्या वर्षांत महाराष्ट्रात घरोघर इन्व्हर्टर आले, तेव्हा हा प्रकार मी फार पाहिला. फेज इन्व्हर्टरमधून यायची, न्यूट्रल जुनीच राहायची, आणि आरसीसीबी निमूटपणे काढून टाकली जायची. एका माणसाचा जीव वाचवणारं उपकरण एका वायरीच्या आळसापायी भंगारात.

या डीबीत तीन ओळींच्या तीन न्यूट्रल लिंक वेगळ्या आहेत, त्यांवर आपापल्या फेजच्या रंगाची पट्टी आहे, आणि इन्व्हर्टरवरच्या सर्किटांना चौथी छोटी लिंक दिलेली आहे. वायरी कितीही सरळ विंचरलेल्या असल्या तरी न्यूट्रलची सरमिसळ असेल, तर त्या कामाला नीटनेटकं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

टर्मिनल पाहायला जवळ जावं लागतं, बॅटरी लागते. इथे पाहायचं ते एवढंच: बाहेर तांबं दिसू नये आणि आत इन्सुलेशन जाऊ नये. दोन्हींच्या मधली रेघ एक मिलिमीटरची असते. अडीच एमएमच्या लवचिक वायरीत ०.३ मिलिमीटरच्या ३६ तारा असतात. भोकात जात नाहीत म्हणून नवखा मुलगा त्यातल्या चार-सहा कापतो. कुणाला दिसत नाही. सहा कापल्या तर त्या एका जागी वायर सहाव्या हिश्शानं बारीक झाली, बाकी १५ मीटर भिंतीत अडीचचीच. मिस्त्रींनी प्रत्येक टोकाला पिन लग चढवून क्रिंप केली आहे, त्यामुळे तारा विस्कटायचा प्रश्नच उरत नाही.

आणखी एक बारकावा पुस्तकात क्वचित भेटतो. बऱ्याच एमसीबींच्या टर्मिनलमध्ये एक चौकट असते, स्क्रू आवळला की ती वर सरकून वायर दाबते. चौकट अर्धवट वर असताना वायर घातली की ती चौकटीच्या आत न जाता मागे जाते. स्क्रू आवळला जातो, हाताला घट्ट लागतो, वायर मात्र नुसती टेकलेली. हे डोळ्यांना दिसत नाही. उपाय एकच, आवळल्यावर प्रत्येक वायर एकदा ओढून पाहायची. मिस्त्री ओढतात, आणि बऱ्यापैकी जोरात ओढतात.

ढिला स्क्रू काय करतो ते आकड्यात पाहिलं तर अंगावर काटा येतो. सांध्यात फक्त ०.१ ओहमचा अडथळा आहे असं धरा. त्यातून १६ अँपिअर गेले की त्या एका ठिपक्यावर सुमारे २५ वॅट उष्णता तयार होते. एवढ्या वॅटचा सोल्डरिंग आयर्न कथिल वितळवतो, आणि हा सांधा डीबीच्या आत गीझर चालू असेपर्यंत तापत राहतो. एमसीबीला यातलं काही कळत नाही, कारण करंट जास्त गेलेलाच नसतो. म्हणून एमसीबीच्या अंगावर किंवा तिच्या कागदावर छापलेला टॉर्कचा आकडा पाळायचा. घरगुती एमसीबीला तो साधारण २ न्यूटन-मीटरच्या घरात असतो. ‘होता होईल तेवढा घट्ट’ हेही चूकच, त्यानं आटे जातात.

पिवळ्या ओळीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. नीट आहे, थोडी बुजरी आहे. तिच्यातली मला आवडलेली गोष्ट वायरीत नसून वाटणीत आहे. घरातले दिवे एका फेजवर लादलेले नाहीत. अर्धे लालवर, अर्धे पिवळ्यावर. एक फेज गेली तरी अख्खं घर अंधारात जात नाही. पण एका खोलीच्या एका स्विचबोर्डात दोन फेज मात्र कुठेच आणलेल्या नाहीत. तशा आणल्या तर बोटभर अंतरावर २३० ऐवजी सुमारे ४०० व्होल्ट येऊन बसतात. फ्रिजला स्वतंत्र सर्किट आहे, त्यामुळे मिक्सरनं एमसीबी पाडली तरी दूध नासत नाही. ही वाटणी कागदावर आधी झाली असणार. पक्कड हातात घेण्याआधी पेन्सिल हातात घेतलेली डीबी ओळखू येते.

रंगांचं शिस्तीत झालं आहे: लाल, पिवळी, निळी फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. साइटवर काळी संपली म्हणून निळी ओढली, असं कुठे दिसलं नाही. ही चूक आपल्याकडे नुसती अस्वच्छ नसते, घातक असते. युरोपात निळी म्हणजे न्यूट्रल, आपल्याकडे निळी म्हणजे जिवंत फेज. ब्रिटनमध्ये काळी वायर पूर्वी न्यूट्रल होती. २००४ मध्ये तिथले रंग बदलू लागले, आणि आता तीच काळी तिथे एक फेज आहे. कामासाठी परदेशी जाणाऱ्या पोरांनी हे पाठ करूनच विमानात बसावं. कुठल्याही देशात रंगावर भरवसा ठेवून हात घालायचा नाही, मेन बंद करून, तपासूनच घालायचा. तपासायचं तेही नुसत्या निऑन टेस्टरनं नको. टेस्टर पेटला नाही म्हणजे करंट नाही, हा समज बऱ्याच हातांना महाग पडला आहे.

आता निळी ओळ. फोटो काढावा अशी. प्रत्येक वायर काटकोनात वळलेली, सगळी वळणं एका रेषेत, आणि सातही वायरींची एक घट्ट जुडी, दर दोन इंचांवर केबल टाय. टायच्या शेपट्या मात्र तिरप्या कापलेल्या. अशा शेपटीवरून हात गेला की रक्त येतं. मुलानं मोबाइलवर परदेशी पॅनेलचे व्हिडिओ पाहिले आहेत हे उघड आहे, आणि त्यात गैर काही नाही; डोळा असाच तयार होतो. वायरी बांधायची हौस जुनीच आहे. केबल टाय अमेरिकेत थॉमस अँड बेट्स कंपनीच्या मॉरस लोगननं १९५८ साली आणला, तो विमानांतल्या वायरींच्या जुड्यांसाठी. त्याआधी विमानांत आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माणसं मेण लावलेल्या दोऱ्यानं गाठी मारत बसायची. त्या गाठींचं काम आजही पाहत राहावं असं असतं.

पण निळ्या ओळीवर कोण आहे ते पाहा. तीन बेडरूमचे तीन एसी, दोन गीझर, वॉशिंग मशीन, स्वयंपाकघरातला ओव्हन. घरातला सगळा जड माल. आणि जुडी सर्वांत घट्ट तिचीच. वायरी एकमेकींना चिकटून तापल्या की प्रत्येकीची करंट वाहण्याची ताकद कमी होते. आयईसीच्या तक्त्याप्रमाणे एकत्र बांधलेल्या सहा सर्किटांसाठी गुणक ०.५७ धरतात, नऊसाठी ०.५०. हे आकडे लांबच लांब आणि एकाच वेळी पूर्ण लोडवर चालणाऱ्या जुड्यांचे आहेत, डीबीतल्या फूटभर तुकड्याला तंतोतंत लागू करणं अन्याय होईल. पण उन्हाळ्याच्या रात्री तिन्ही एसी चालू असताना त्या जुडीवर हात ठेवून पाहिला तर गुणक न वाचताही कळेल. जड वायरी मोकळ्या सोडायच्या आणि हलक्या बांधायच्या. इथे नेमकं उलटं झालं. सगळा जड माल एका फेजवर घातल्यामुळे तीन फेजचा तोलही गेला, ते वेगळंच. ही वाटणी मात्र मुलाची नव्हती. घरमालकानं शेवटच्या आठवड्यात तिसरा एसी वाढवला, आणि सोयीची म्हणून ती वायर तिथेच आली. एवढं माप मुलाच्या पदरात घालायला हवं.

वळणांबद्दल तेच. काटकोन पकडीच्या नाकानं पाडलेले आहेत. दोन ठिकाणी इन्सुलेशनवर दातांचे ठसे उमटलेत. वायर तुटलेली नाही, तारा उघड्या नाहीत, इन्सुलेशन तपासणारा मेगर लावला तर ५०० व्होल्टला आकडाही चांगलाच येईल. तरी तो ठसा दिसला की माझं मन खट्टू होतं.

मिस्त्रींनी मुलाला ओरडा दिला नाही. मेन बंद केला, दिव्याच्या टेस्ट लॅम्पनं खात्री करून घेतली आणि म्हणाले, “लाल ओळीतली पाच नंबरची वायर काढून दाखव.” मुलानं एक टाय कापला, दोन स्क्रू सैल केले आणि वायर हातात घेतली. “आता निळ्यातली पाच काढ.”

त्याला सगळी जुडी सोडावी लागली. अकरा टाय. पाचवी वायर चौथी आणि सहावीच्या मधून विणलेली होती, कारण वरून पाहताना तशी ती सरळ दिसत होती. ती निघाली, पण परत लावताना दातांचा ठसा असलेला तुकडा कापावा लागला, आणि वायर कमी पडली. दोन बोटं.

“दादा, एवढ्यासाठी कनेक्टर टाकू का?”

“डीबीत जॉइंट नको. नवी ओढ.”

मग बेडरूममधल्या एसीच्या पॉइंटपासून नवी चार एमएमची निळी वायर. जुनीच्या टोकाला नवी बांधली, एकानं तिकडून ढकलली, दुसऱ्यानं इकडून ओढली. निम्मी दुपार त्यात गेली. नव्या वायरीला मुलानं तळापर्यंतचा वळसा ठेवला आणि जुडीच्या बाहेरून नेली. बाकीच्या सहा वायरीही त्यानं न सांगता सैल केल्या. आता निळी ओळ फोटोत पूर्वीइतकी उठून दिसत नाही.

हे कसब पूर्वी भिंतीवर, सगळ्यांसमोर असायचं, हे या पिढीला सांगायला हवं. वाड्यांमधून सागवानी पट्टीवरून वायरिंग जायची आणि पट्टीवर कथिलाच्या मुलाम्याच्या क्लिपा ठोकलेल्या असायच्या, आडव्या पट्टीवर दर १० सेंटीमीटरला, उभ्यावर दर १५ ला. एक क्लिप चुकली तर जेवायला बसलेल्या माणसाला ती दिसायची. लाकडी बोर्डावर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, आणि फ्यूज उडाला की घरातलंच कुणी तरी मेणबत्ती धरून त्यात तार भरायचं. मानहाइममधल्या ह्यूगो स्टॉट्झच्या कंपनीनं १९२४ मध्ये आपोआप पडणाऱ्या छोट्या ब्रेकरचं, म्हणजे एमसीबीचं, पेटंट घेतलं होतं, पण तो आपल्या घरांत सर्रास व्हायला अनेक दशकं गेली. मग कन्सील्ड वायरिंग आली, सगळं प्लॅस्टरखाली गेलं, आणि वायरमनची कारागिरी दिसेल अशी एकच जागा उरली. ती सुद्धा गवंडी सिमेंटनं आणि रंगारी पुट्टीनं बुजवतो. या डीबीला प्लॅस्टरच्या आधी थर्मोकोल भरून ठेवला होता, म्हणून तिच्या टर्मिनलांत एक कणही गेलेला नाही. असे बारके उद्योग करणारे मिस्त्री मला आवडतात.

माझी एक तक्रार उरते. दाराच्या आतल्या बाजूला सर्किटांचा तक्ता चिकटवला आहे. छापलेला, लॅमिनेट केलेला, मराठीत, एमसीबीचे अँपिअर आणि वायरीचे एमएम यांच्यासह. सगळं चोख. पण सर्किटांना नावं दिलीत ‘मुलांची खोली’, ‘आजींची खोली’. दहा वर्षांनी मुलं पुण्यात नसतील, आजींच्या खोलीत जिमची यंत्रं असतील, घर कदाचित विकलेलंही असेल. मी म्हटलं, ‘पूर्वेकडची’, ‘रस्त्याकडची’ असं लिहायला हवं होतं.

“साहेब,” मिस्त्री स्क्रू परत बसवत म्हणाले, “रात्री एक वाजता लाइट गेल्यावर पूर्व कुठली, ते कोणाला सुचतं?”

यावर आमचं एकमत झालं नाही.